चार वाजता नऊ टोले

१

घड्याळ नाहीसं झाल्याचं सगळ्यात आधी कळलं ते काकांना, आणि त्यात नवल नव्हतं. त्या घड्याळाची नाडी त्यांच्याइतकी घरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

शुक्रवारी सकाळी ते चहाचा कप घेऊन बैठकीच्या खोलीत गेले आणि गेले तसेच परत आले. कपातला निम्मा चहा बशीत आला होता.

"भिंत रिकामी आहे," ते म्हणाले.

"कुठली भिंत?" पावाला लोणी लावता लावता काकूंनी विचारलं.

"माझी भिंत."

टेबलाशी बसलेली मुलगी चटकन उठून उभी राहिली. ती त्या घरची नव्हती आणि म्हटलं तर होतीही. आपला देश सोडून ती इथे कवळ्या आणि दातांचे साचे बनवायला शिकायला आली होती, आणि संस्थेने तिला वसतिगृहात न ठेवता या कुटुंबात ठेवलं होतं. संस्था तिला ‘पाहुणी विद्यार्थिनी’ म्हणायची. काकांनी पहिल्याच दिवशी त्यातली विद्यार्थिनी गाळून टाकली. "पाहुणी, भांडी घास. पाहुणी, कचरा टाकून ये." आणि मग डोळे मिचकावून, "पाहुणीला असं कुणी राबवतं का? म्हणजे तू पाहुणी नाहीसच." परक्या मुलखात रडकुंडीला आलेल्या मुलीला तेवढं वाक्य पुरलं होतं. त्या दिवसापासून ती त्या माणसावर जीव टाकत होती.

काकूंचं तसं नव्हतं. आंघोळीला जरा वेळ लागला की दारावर टकटक, दिवा चालू राहिला की बोलणी. ‘आमच्याकडे असं चालत नाही’ हे वाक्य त्यांच्या जिभेवर कायम तयार असे.

टेबलाशी आणखी एक जण होता, काकूंच्या बहिणीचा मुलगा. जुन्या सामानाचं दुकान चालवायचा आणि पोट मावशीकडे भरायचा. घराची एक किल्ली त्याच्याकडे असे. त्याने तोंडातला घास संपवून घरभर फेरी मारली.

"दार फुटलेलं नाही, खिडकी धड आहे," तो म्हणाला. "म्हणजे जे कुणी केलं ते किल्लीवाल्यानंच."

"मग सगळ्या खोल्या बघा," काका म्हणाले. "माझ्यापासून सुरुवात करा. फक्त पोरीची खोली नको. ती असलं काही करायची नाही."

"तीच का नको?" भाच्याने विचारलं.

पाहुणीला काकांच्या शब्दाने भरून आलं होतं. "बघा की, माझी काहीच हरकत नाही," ती म्हणाली आणि स्वतःच पुढे होऊन जिना चढली.

काकूंनी कपाट पाहिलं, गादी उचलली आणि मग पलंगाखालची तिची मोठी बॅग ओढली. रिकामी असायला हवी होती ती बॅग, पण काकूंना ती दोन्ही हातांनी ओढावी लागली. आत तिचाच जाड लोकरी स्वेटर होता, नीट घडी घालून गुंडाळलेला. काकूंनी एक बाही बाजूला केली आणि पितळी तबकडी चमकली.

२

काका जिन्याच्या पायरीवरच बसले.

"मला यावर काही बोलायचं नाही," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पोर आहे. मोह झाला असेल. बाईंना सांगू, जमत नाही म्हणून, आणि हिला दुसऱ्या घरी पाठवू. गुपचूप विषय संपवू."

"काका, मी नाही घेतलं."

"हो गं," ते म्हणाले. हट्टी मुलाला म्हणतात तसं म्हणाले, आणि ते ‘हो गं’ तिला भाच्याच्या कुत्सित हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"गुपचूप काही होणार नाही," काकू म्हणाल्या. "मी बाईंना बोलावते."

"अगं, कशाला पोरीचं वाटोळं करतेस?"

"चोरी झालीय ना? मग रीतसर चौकशी होऊ दे." आणि त्या फोनकडे गेल्यासुद्धा.

बाई म्हणजे संस्थेच्या, घरं आणि विद्यार्थी यांच्यावर देखरेख करणाऱ्या. त्यांनी नावापुढे ‘चोरी’ असा शेरा मारला की सगळं आटोपलं. राहण्याचा परवाना रद्द, शिक्षण अर्धवट, आणि मिळेल त्या विमानाने घरी. तिच्या आईने आख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं की आमची लेक परदेशातून कारागीर होऊन येणार. आता ती चोर होऊन येणार होती. पाहुणीच्या तोंडचं पाणी पळालं.

बाई दुपारी येणार होत्या. तोवर ती आपल्या खोलीत, त्या उघड्या बॅगेसमोर बसून राहिली. हे कुणी केलं, याचं उत्तर तिच्या मनात पहिल्या पाच मिनिटांतच तयार झालं. काकूंनी. दुसरं कोण? त्यांची मुलगी, जिला घरात सगळेच ताई म्हणत, पुढच्या महिन्यात तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी यायची होती, ती लांबच्या मुक्कामाला. वरची ही खोली आधी ताईचीच होती. गेल्या रविवारी काकू हातात टेप घेऊन बैठकीच्या भिंती मोजत फिरत होत्या, आणि कशाला असं विचारल्यावर "कळेल वेळ आली की" म्हणाल्या होत्या. आता वेळ आली होती.

रविवार म्हणताच तिला घड्याळ आठवलं आणि डोळे भरून आले. काका निवृत्त घड्याळजी. दुकान विकलं तेव्हा त्यांनी एवढं एकच भिंतीवरचं घड्याळ ठेवून घेतलं होतं, हातभर लांबीचं, लंबकाचं, तासातासाला टोले देणारं. बैठकीच्या खोलीत ते, आणि त्याच्या खाली काकांचं कामाचं टेबल, त्यावर अर्धवट उघडलेली घड्याळं. दर रविवारी सकाळी चावी द्यायचा सोहळा असे, आणि काकांनी त्यात तिला भागीदार करून घेतलं होतं. सुरुवातीला एकदा तिने मदत म्हणून तासकाटा बोटाने ढकलून सरळ केला, तर घड्याळ आठवडाभर सातला पाच आणि आठला सहा टोले देत राहिलं. काका पोट धरून हसले होते.

"टोल्यांचं चाक वेगळं असतं, वेडे," ते म्हणाले होते. "काट्यांकडे ते बघतही नाही. आपलं मोजत जातं, दोनानंतर तीन, तिनानंतर चार. काट्यांना फसवता येतं, टोल्यांना नाही."

गेल्या रविवारी मात्र ते हसले नव्हते. चावी देता देता मध्येच, कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले होते, "ओल लागली की घड्याळ सहा महिन्यांत मरतं."

खाली दारावरची घंटा वाजली.

३

बाई ठेंगण्या, स्थूल आणि सतत खोकल्याची गोळी चघळणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी जेवणाच्या टेबलाशी मधली खुर्ची धरली आणि घड्याळ, ते स्वेटरसकट, समोर ठेवून घेतलं.

"मी पोलीस नाही," त्या म्हणाल्या. "पण मुख्याध्यापिका होते, तेव्हा खोटं बोलणारी माणसं पोलिसांपेक्षा जास्त पाहिलीत. सगळे इथेच बसा. कानगोष्टी मला चालत नाहीत."

सगळे बसले. भाचा जरा खुर्ची मागे ओढून बसला.

"घड्याळ शेवटचं कुणी पाहिलं?"

"पाहिलं नाही, ऐकलं," काकू म्हणाल्या. "काल सकाळी सातचे टोले पडले आणि मी शाळेत गेले. मी गाणं शिकवते. शाळेतून परस्पर तालमीला. रात्री दहाला घरी आले आणि पाहते तर काय, सुपाचं भांडं करपून कोळसा. हिला सांगून गेले होते, गॅसवर ठेव आणि सातचे टोले पडले की उतरव. एवढं साधं काम."

"टोले ऐकूच आले नाहीत," पाहुणी हळूच म्हणाली. "मी वर वाचत होते. करपल्याचा वास आला तेव्हा धावले."

"वाचनात डोकं घातलं की कानाशी ढोल बडवला तरी कळत नाही," काकांनी तिची बाजू घेतली. "जाऊ दे, भांड्याचं काय एवढं."

"तुम्ही सांगा," बाई त्यांच्याकडे वळल्या.

"मी काल दिवसभर घरीच. दुपारी हा जेवायला होता, जेवला आणि गेला. संध्याकाळी सहाला मी पत्ते खेळायला क्लबात गेलो. निघताना सहाचे टोले पडले, त्यावर मी मनगटावरचं घड्याळ लावून घेतलं. परत आलो ते हिच्याबरोबरच, आणि थेट झोपलो. बैठकीत डोकावलो नाही. सकाळी डोकावलो, तर भिंत मोकळी."

"आणि तू?"

"मी पाचपर्यंत वर्गात होते," पाहुणी म्हणाली. "मग वाचनालयात. घरी आले तेव्हा कुणी नव्हतं. बैठकीचं दार बंद होतं, मी ते उघडलं नाही."

"म्हणजे सहानंतर दहापर्यंत घरात तू एकटी."

"हो."

बाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि भाच्याकडे पाहिलं. "तुमच्याकडेही किल्ली आहे, आणि धंदा जुन्या वस्तूंचा."

"वाटलंच, गाडी माझ्याकडे वळणार," भाचा म्हणाला. "हे घड्याळ मला विका म्हणून मी काकांना तोंडावर विचारलंय, एकदा नाही, दहादा. ज्याला मागायची लाज नाही तो चोरेल कशाला? आणि चोरलंच असतं तर हिच्या बॅगेत कशाला ठेवलं असतं? खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं वेगळी असतात." बोलताना त्याने पाहुणीकडे पाहिलं.

 बाई स्वेटरच्या घड्या एकेक करून उलगडत होत्या. घड्याळाशेजारून एक लांबट पुडकं निघालं, पाहुणीच्याच मोज्यात गुंडाळलेलं. मोज्यात लंबक होता. बाईंनी घड्याळाचं मागचं दार उघडलं, चष्मा नाकावर सरकवला आणि आत बोट दाखवलं.

"आणि हे बूच इथे कुणी अडकवलं?"

४

काकांनी बुचाकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "न सांगितलेलं बरं होतं."

"सांगा."

"लंबकाचं घड्याळ भिंतीवरून तसंच उतरवलं तर लंबक हेलकावे खातो आणि ज्या पट्टीवर तो टांगलेला असतो ती पट्टी तुटते. कागदासारखी पातळ पट्टी असते ती. म्हणून आधी लंबक काढायचा, वेगळा गुंडाळायचा. आणि लंबक काढला की घड्याळ मोकाट पळायला लागतं, म्हणून आत बुचाचा तुकडा अडकवून ते थांबवायचं."

"म्हणजे चोराला घड्याळातलं कळत होतं."

"यालाही कळतं की," काकू भाच्याकडे बघत म्हणाल्या. "जुनी घड्याळं विकतो."

"विकतो, पण उतरवता कुठे येतात," काका म्हणाले. इतक्या दुःखातही त्यांच्या आवाजात धंद्यातला राग आला. "मागे माझ्याच दुकानातलं एक घड्याळ याने लंबकासकट काखोटीला मारलं आणि पट्टीचे दोन तुकडे केले. याचं काम नाही हे."

भाच्याने खांदे उडवले. अपमान झाला होता, पण सुटका झाली होती.

"मग कुणाचं काम?"

"बाई, मला कशाला बोलायला लावता?" काकांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "हे घरात दोघांनाच येतं. बैठकीला रंग दिला तेव्हा घड्याळ उतरवायचं होतं. तेव्हा मी जिला हाताला धरून शिकवलं तिला, आणि मला."

 पाहुणीला वाटलं, आता काका पुढे काहीतरी म्हणतील, तरीही ती असं करणार नाही म्हणतील. ते काही म्हणाले नाहीत.

बाईंनी घड्याळ फिरवून तबकडी सगळ्यांना दाखवली. काटे नऊ वाजून दहा मिनिटांवर थांबले होते.

"आणि रात्री नऊला घरात कोण होतं हे आपण आत्ताच ऐकलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्यांनी पिशवीतून एक कोरा अर्ज काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

५

माणूस बुडायला लागलं की डोकं एक तर बंद पडतं, नाहीतर लख्ख चालतं. पाहुणीचं चाललं.

काटे म्हणत होते, घड्याळ नऊपर्यंत चालू होतं. मग सातचे टोले पडायला हवे होते. पण पडले नव्हते. काका काहीही म्हणोत, इतके महिने ती त्या टोल्यांवर भांडी उतरवत होती, टोल्यांवर निघत होती, टोल्यांवर पुस्तक मिटत होती. बंद दारातून, जिन्यावरून, नळाच्या आवाजातूनही ते तिला ऐकू यायचे. म्हणजे तिचे कान खोटं बोलत होते, नाहीतर काटे.

आणि काट्यांना फसवता येतं.

"बाई, लिहायच्या आधी एक करू द्या," ती म्हणाली. "घड्याळ भिंतीवर लावून बघू या."

"आज नको," काका लगेच म्हणाले. "हलवलेलं घड्याळ दोन दिवस आडवं ठेवावं लागतं. तेल बसावं लागतं. संध्याकाळी निवांत मी बघतो त्याच्याकडे."

पाहुणीने त्यांच्याकडे पाहिलं. रंग दिला त्या दिवशी भिंत वाळताच त्यांनी घड्याळ टांगलं होतं आणि ताबडतोब चालू केलं होतं, तिच्याच हाताने. दोन दिवसही नाहीत आणि तेलही नाही. तिने पाहिलं तेव्हा काका तिच्याकडे बघत नव्हते, खिडकीबाहेर बघत होते. 

"मला वाटतं, लावावं," काकू अचानक म्हणाल्या. "तिला काही दाखवायचं असेल तर दाखवू दे."

सगळे बैठकीत गेले. पाहुणीने घड्याळ खिळ्यावर चढवलं, बूच काढलं, लंबक अडकवला आणि त्याला बोटाने हलका धक्का दिला. टिकटिक सुरू झाली. हे सगळं काकांनी शिकवलं होतं, आणि हात शिकवल्याबरहुकूम चालत होते.

"मिनिटकाटा पुढे नेते," ती म्हणाली. "दहा वाजवते. काट्यांप्रमाणे हे घड्याळ काल नऊचे टोले देऊन थांबलंय. म्हणजे आता दहा पडायला हवेत."

तिने काटा हळूहळू वर नेला. आणि वर नेता नेता तिच्या मनात एक वेडी इच्छा आली, की दहाच पडू देत. मी चोर ठरले तर ठरले, घरी जाईन, तोंड लपवीन, पण दहा पडू देत. कारण दहा पडले नाहीत तर त्याचा अर्थ काय होतो हे तिला आता कळलं होतं.

काटा बारावर आला. घड्याळाने आतून श्वास घेतल्यासारखी खरखर केली.

एक. दोन. तीन.

आणि मग नुसती टिकटिक.

६

"तीन?" बाई म्हणाल्या. "म्हणजे?"

"म्हणजे घड्याळ थांबलं तेव्हा दोन वाजून गेले होते, तीन वाजायचे होते," पाहुणी म्हणाली.  "टोल्यांचं चाक शेवटचा आकडा विसरत नाही. तासकाटा नंतर कुणीतरी बोटाने ढकलून नवावर आणलाय."

"दोन रात्रीचेही असतील."

"असते, तर काल संध्याकाळी सातचे टोले मला ऐकू आले असते आणि सूप करपलं नसतं. काल सकाळी सातला घड्याळ होतं, काकूंनी ऐकलंय. संध्याकाळी सातला नव्हतं. मधले दोन एकदाच वाजतात, दुपारी. दुपारी मी वर्गात होते, संस्थेत विचारा." ती थांबली. "आणि मी चोर असते तर काटा मुद्दाम अशा वेळेवर कशाला आणला असता, जेव्हा घरात फक्त मीच होते?"

भाचा बोटांवर मोजू लागला. तो जेवून गेला होता, आणि त्याला लंबक काढता येत नव्हता. मावशी शाळेत होती. हिशेब त्यालाही जमला.

"सहाला टोले पडले म्हणालात," बाई काकांना म्हणाल्या. "त्यावर घड्याळ लावलंत म्हणालात."

काका आपल्या कामाच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हाताने झाकलं होतं, जणू ते काही बोलेल.

"अहो," काकू म्हणाल्या. इतक्या हळू त्या कधी बोलत नसत. "बैठकीसाठी केलंत ना हे?"

काका टेबलावरच्या उघड्या घड्याळांकडे बघत राहिले.

"मी सांगते," काकू बाईंकडे वळल्या. "लेक बाळाला घेऊन येतेय. मी म्हटलं, वरच्या खोलीत ही मुलगी आहे, तिचं शेवटचं वर्ष आहे, तिला हलवायचं नाही. लेकीला बैठक देऊ, मी पलंग कुठे मावतो ते मोजूनही घेतलं. यांचं टेबल आणि घड्याळं मागच्या शेडमध्ये न्यायची. यांना पटलं नाही. शेडमध्ये ओल आहे म्हणाले. मी म्हटलं, घड्याळं माणसांपेक्षा मोठी नाहीत. मला वाटलं, विषय मिटला."

पाहुणीला आधी नीट कळलंच नाही. ती टेप, ते मोजमाप, ते ‘कळेल वेळ आली की’, सगळं तिला घरात ठेवण्यासाठी होतं. जिला ती सकाळपासून मनातल्या मनात शिव्या घालत होती ती बाई तिच्यासाठी नवऱ्याशी भांडत होती. आणि ज्याच्यावर जीव टाकला त्याने केसाने गळा कापला होता.

"मला वाटलं, तुला दुसरं घर मिळेल," काका अखेर म्हणाले. "एवढंच होईल. बाईंना बोलवायचं नाही असं मी म्हणत होतो, तू ऐकलंस. शेऱ्याबिऱ्यापर्यंत जायचंच नव्हतं."

"मला विचारायचं होतं, काका. जा म्हणाला असतात तर मी गेले असते."

"तोंडावर कसं म्हणणार? तू आमच्या घरचीच."

यावर हसावं की रडावं तिला कळेना. तोंडावर जा म्हणायचा संकोच वाटला म्हणून या माणसाने तिला चोर केलं होतं. भिंतीवरचा लंबक डावीकडून उजवीकडे जात होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बॅगेत लपवायचं होतं तरी तुम्ही लंबक काढलात," ती म्हणाली. "बूच लावलंत. माझ्याच मोज्यात गुंडाळलात, स्वेटरच्या मऊ घड्या घातल्यात. पट्टी तुटेल म्हणून. काका, एवढी काळजी तुम्हाला घड्याळाची वाटली. मी तुटेन असं नाही वाटलं?"

 बाईंनी कोरा अर्ज दोनदा दुमडला आणि पिशवीत टाकला. गोळी चघळायचं त्या केव्हाच विसरल्या होत्या.

७

बाईंनी वसतिगृहात खोली मिळवून दिली, आणि रविवारी दुपारी पाहुणी निघाली. तोवरचे दोन दिवस ती काकूंनी ताटात वाढलेलं खाली मान घालून जेवली आणि बैठकीच्या दारावरून जाताना पाय उचलून गेली. त्या रविवारी चावी द्यायला कुणी तिला हाक मारली नाही.

"तू राहा," काकूंनी सकाळीच म्हटलं होतं. "जायचंच असेल तर यांनी जावं शेडमध्ये. मी अजून पलंग हलवलेला नाही."

"काकू, मला इथे आता झोप लागायची नाही."

काकूंनी पुन्हा आग्रह केला नाही. त्यांनी डबा भरून दिला, डब्यावर रबर लावलं, रबर सैल आहे म्हणून दुसरं लावलं. मग एकदम म्हणाल्या, "मी तुला फार बोलले गं. आंघोळीवरून, दिव्यावरून."

"तुम्ही जे बोललात ते तोंडावर बोललात," पाहुणी म्हणाली, आणि काकूंच्या गळ्यात पडून, सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं रडून घेतलं.

वरच्या पलंगावर तिने एकच वस्तू मागे ठेवली होती, तो जाड लोकरी स्वेटर. थंडी अजून सरली नव्हती, पण तिला तो अंगाला लावावासा वाटेना.

काका दाराशी उभे होते. सवयीने त्यांचा हात बॅगेकडे गेला. इतके महिने तिची प्रत्येक जड पिशवी त्यांनीच उचलली होती. तिने बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"रविवारी येत जाशील ना?" त्यांनी विचारलं. "चावी द्यायला."

तिने पायात बूट घातले, सावकाश नाड्या बांधल्या.

"येते, काकू," ती म्हणाली. रोज घराबाहेर पडताना ती असंच म्हणायची.

मग काकांकडे वळली. त्या घरात आल्यापासून तिने त्यांनाही कधी दुसरं काही म्हटलं नव्हतं. घरचं माणूस निघताना येते म्हणतं.

"जाते," ती म्हणाली.

तेवढ्यात बैठकीत घड्याळाने टोले द्यायला सुरुवात केली. दुपारचे चार वाजले होते. एक, दोन, तीन, चार, आणि घड्याळ थांबलं नाही. पाच, सहा, सात, आठ, नऊ. शुक्रवारी काकूंनी मिनिटकाटा फिरवून वेळ तेवढी बरोबर केली होती, टोल्यांचं चाक कुणी जुळवलं नव्हतं. ज्या नऊवर काकांनी काटा ढकलला होता ते नऊ घड्याळ आता रोज भलत्याच वेळी, पण न चुकता सांगत होतं.

काकांना ते सहन होईना. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं जागेवर आणणारा माणूस तो. त्यांनी घाईने बैठकीच्या दाराला हात घातला.

"हात लावायचा नाही त्याला," काकू म्हणाल्या. "राहू दे तसंच. तासातासाला ऐकू दे या घराला."

पाहुणी फाटकातून बाहेर पडली. काकू कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेल्या, डब्याची पिशवी स्वतःच्या हातात धरून.